भरतपूरच्या तळ्यात मासे कोठून येतात?

दरवर्षी २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनाच्या दिवशी, भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाची छायाचित्रे सर्वत्र दिसू लागतात. धुक्यात उभे असलेले चित्रबलाक, सारसांची जोडी, पाण्यावर उतरणारी बदके. हे पक्षी कोठून येतात हा प्रश्न आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि सायबेरिया, मध्य आशिया ही उत्तरेही आपल्याला पाठ असतात. याच तळ्याविषयीचा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हे पक्षी जे मासे खातात, ते मासे कोठून येतात?

या प्रश्नाचा माग काढत गेले, की आपण उद्यानाच्या दगडी भिंतीबाहेर पडतो आणि एका जुन्या, बुटक्या मातीच्या बांधापाशी येऊन थांबतो. त्याचे नाव अजान बांध. पर्यटकांच्या यादीत त्याला स्थान नाही. पण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील या उद्यानाचा इतिहास या बांधाशिवाय सांगता येत नाही. आपल्या देशात निसर्गसंरक्षणाच्या विज्ञानाने जे काही महाग धडे घेतले, त्यांतील एक याच बांधाच्या पाण्याने शिकवला आहे.

भरतपूर हे राजस्थानच्या पूर्व टोकाला, आग्ऱ्याच्या पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरवर वसले आहे. वर्षाला पाऊस साधारण ६५० मिलिमीटर आणि तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. गंभीर आणि बाणगंगा या येथील दोन नद्या. त्या बारमाही नाहीत. पावसाळ्यात अंगावर येतात आणि हिवाळ्यात वाळूत हरवतात. शहराच्या आग्नेयेला बशीसारखा खोलगट प्रदेश आहे. पुराचे पाणी तेथे साचायचे आणि शहरालाही वेढायचे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात या पुराला आवर घालण्यासाठी अजान बांध घालण्यात आला. त्यामागे पक्ष्यांचा विचार नव्हता. तो पूरनियंत्रणाचा आणि शेतीचा बांध होता.

मातीचा बांध पाणी कसा अडवतो, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. माती काही जलरोधक नसते. तिच्यातून पाणी सतत झिरपत असते. चांगली चिकण, नीट ठोकून बसवलेली माती हे झिरपणे इतके संथ करते, की पलीकडे पोहोचेपर्यंत पाण्याचा जोर उरत नाही. बांध उभा राहतो तो आपल्या वजनावर आणि रुंद पायावर. त्याला दोन शत्रू असतात. एक, माथ्यावरून वाहणारे पाणी, जे काही तासांत पाळ कापून काढते. दुसरा, पोटातून वाहणारा झरा, जो मातीचे कण ओढून नेत नेत आतल्या आत बोगदा तयार करतो. म्हणून मातीच्या बांधाला सांडवा आणि मोरी असावीच लागते. दगडी धरण काही काळ हट्टाने उभे राहू शकते; मातीच्या बांधाला वेळेवर पाणी सोडता आले नाही, तर तो जगत नाही.

भरतपूरच्या लोकांनी या स्वभावातूनच आपली शेती घडवली होती. पावसाळ्यात बांधामागची जमीन पाण्याखाली जाऊ द्यायची, गाळ बसू द्यायचा, पावसाळा सरताना पाणी सोडून द्यायचे आणि ओलाव्यावर रब्बीचे पीक घ्यायचे. सोडलेले पाणी कालव्याने त्या खोलगट प्रदेशाकडे जाई. तेथे झाडी दाट होती, म्हणून त्या जागेला ‘घना’ म्हणत; आतल्या शिवमंदिरावरून केवलादेव हे नाव पडले. म्हणजे ज्याला आज आपण नैसर्गिक पाणथळ म्हणतो, ते शेतीसाठी अडवलेल्या आणि वेळेवर सोडलेल्या पाण्याचे शेवटचे घर होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाला या जागेचा वेगळा उपयोग सुचला. आत लहान लहान बांध घालून पाण्याचे वेगवेगळे खण पाडण्यात आले, झडपा बसवल्या गेल्या, पाण्याची खोली हवी तशी राखता येऊ लागली. हे सारे बदकांच्या शिकारीसाठी होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन येथे शिकारीला आले. त्यानंतरच्या शिकारींची नोंद उद्यानात आजही दगडावर कोरलेली आहे. त्यांतील सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या त्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो दगड वाचताना प्रत्येकाच्या मनात संताप येतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या आकड्यात आणखी एक माहिती दडलेली आहे. एका दिवसात इतके पक्षी मारता येतील एवढे ते तेथे होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत होते. त्या पाण्याची धारणाशक्ती अफाट होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. पाणी शेतीला वळवावे आणि घनाचा तळ नांगराखाली आणावा, अशी मागणी स्थानिक पातळीवर होऊ लागली. भूक मोठी असलेल्या त्या काळात ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. सालिम अली यांनी हे प्रकरण पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेले आणि घना वाचला. १९५६ मध्ये तो पक्षी अभयारण्य झाला, तरी महाराजांचे शिकारीचे हक्क १९७२ पर्यंत टिकून होते.

याच काळात घना प्रयोगशाळाही झाला, आणि त्याचा धागा आपल्या पुण्याशी जुळतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्या क्यासनूर जंगल तापाचा विषाणू शोधला. तो रशियात आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या जवळचा निघाला. मग शंका आली, की स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर तो इकडे आला असेल काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याचे एक प्रमुख केंद्र भरतपूर होते. पक्षी कोठून येतात याचे उत्तर आपल्याला मिळाले ते या कड्यांमुळे.

१९८१ च्या ऑक्टोबरात केवलादेव आणि ओडिशातील चिलिका ही भारताची पहिली रामसर स्थळे ठरली. त्याच सुमारास केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आणि येथून या इतिहासातील सर्वांत वेदनादायक प्रकरण सुरू होते.

वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. आसपासच्या गावांची अडीच हजारांच्या आसपास जनावरे, मुख्यतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या घनात चरत होती. पक्षितज्ज्ञांचे मतही चराईच्या विरुद्ध होते. म्हशी पाणवनस्पती खातात, घरटी तुडवतात, पाणी ढवळतात, असे त्यांना वाटे. खुद्द सालिम अली चराईबंदीच्या बाजूचे होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदी लागू झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. एका पक्षी उद्यानाच्या पाण्याकाठी, म्हशी चारण्याच्या हक्कासाठी. भिंतीबाहेरच्या गावांनी हे विसरावे अशी अपेक्षा कोणीही करू नये.

बंदीच्या दोन वर्षे आधी, १९८० मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे एक दीर्घ परिसरशास्त्रीय अभ्यास सुरू केला होता. त्याचे नेतृत्व डॉ. व्ही. एस. विजयन यांच्याकडे होते. तो दहा वर्षे चालला. पाण्याची पातळी, वनस्पती, मासे, कीटक, पक्षी, सस्तन प्राणी असे सारे काही मोजले गेले. योगायोगाने हे मोजमाप चालू असतानाच चराईबंदी आली. त्यामुळे बंदीपूर्वीची आणि बंदीनंतरची स्थिती ताडून पाहण्याची दुर्मीळ संधी मिळाली. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना अशा नोंदीचे मोल चटकन कळते. बदल घडण्याआधीची मोजणी नसेल, तर नंतरच्या मोजणीला अर्थ नसतो.

निष्कर्ष अनपेक्षित होता. म्हशी गेल्यानंतर पास्पालम नावाचे पाणगवत बेसुमार वाढले. उघडे पाणी कमी झाले, गवताचे जाळे दाट झाले. पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना जागा उरेना. माशांनाही मोकळे पाणी उरेना. ज्या म्हशींना तळ्याचा शत्रू मानले गेले होते, त्याच ते तळे उघडे ठेवत होत्या. पुढे हे गवत काढण्यासाठी यंत्रे लावावी लागली आणि गावकऱ्यांना परवाने देऊन चारा कापायला बोलवावे लागले. १९९० मध्ये केवलादेवचे नाव रामसर कराराच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले. पाण्याचा तुटवडा आणि चराईचा बिघडलेला तोल, ही त्याची कारणे होती.

या प्रसंगाचा उपयोग वैज्ञानिकांना हिणवण्यासाठी पुष्कळदा केला जातो. मला त्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. चराईबंदीचा आग्रह धरणारी परंपरा ज्या संस्थेची, त्याच संस्थेच्या संशोधकांनी दहा वर्षे मोजून आपल्याच मताविरुद्ध पुरावा मांडला आणि तो छापला. विज्ञानाकडून यापेक्षा अधिक काही मागता येत नाही. दुःख एवढेच, की बंदी पुराव्याच्या आधी आली आणि गोळ्यांचा निकाल अहवालाने फिरवता येत नाही.

याच अभ्यासाच्या वर्षांत माशांचेही चित्र स्पष्ट झाले. उद्यानात माशांच्या ४३ जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी केवळ ६ आत राहून प्रजनन करतात. उरलेल्या ३७ जाती दरवर्षी अजान बांधाच्या पाण्याबरोबर आत येतात. चांगल्या पावसाच्या वर्षी येणाऱ्या पिल्लांची आणि बोटुकल्यांची संख्या सुमारे ६.५ कोटी असते. म्हणजे तळ्याचे स्वतःचे म्हणावे असे मासे फार थोडे. बाकीचे नदी पाठवते.

असे का, हे समजण्यासाठी भारतीय मत्स्यविज्ञानातील एका घटनेकडे वळावे लागेल. कटला, रोहू, मृगळ हे आपले प्रमुख कार्प मासे. ते तळ्यात वाढतात, पुष्ट होतात, त्यांच्या पोटात अंडीही तयार होतात. परंतु साचलेल्या पाण्यात ते ती सोडत नाहीत. त्यासाठी पावसाळ्यातला पूर लागतो: नवे गढूळ पाणी, वाहता प्रवाह, बुडालेले उथळ काठ, किंचित उतरलेले तापमान. ही खूण मिळाली नाही, तर अंडी पोटातच जिरून जातात. शतकानुशतके भारतातील तळ्यांसाठीचे मत्स्यबीज नद्यांतून गोळा करावे लागे, ते याच कारणाने. बंगालमधील बांकुडा-मेदिनीपूर भागातील लोकांनी मात्र एक युक्ती शोधली होती. उतारावर मातीचा लहानसा बांध घालायचा, पहिल्या जोरदार पावसाचे पाणी त्यात धावत येऊ द्यायचे आणि त्या कृत्रिम पुराला भुलून मासे अंडी सोडत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी सोडवून घेतली. आज देशभर साजरा होणारा राष्ट्रीय मत्स्यपालक दिन त्या तारखेचा आहे. पुराने जी आज्ञा द्यायची, ती इंजेक्शनने दिली.

चित्रबलाकांना इंजेक्शन देता येत नाही. त्यांची वीण पुराच्याच घड्याळावर चालते. पाणी भरले, मासे आले, की ऑगस्टच्या सुमारास बाभळींवर घरटी उभी राहतात. चित्रबलाक, पाणकावळे, तिरंदाज, बगळे अशी एकाच झाडावर दाटी होते. पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या चोचीत मावतील एवढी बोटुकली तळ्यात असावी लागतात. महिनाभर आधी ती फार लहान असतात आणि महिनाभर नंतर फार मोठी. ज्या वर्षी पाणी येत नाही, त्या वर्षी चित्रबलाक घरटी बांधतच नाहीत.

आता थोडे गणित करू. उद्यानाचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यांपैकी ११ चौरस किलोमीटरच्या आसपास पाणथळ. उद्यानाची वार्षिक गरज साधारण ५५ कोटी घनफूट मानली जाते, म्हणजे सुमारे १.५५ कोटी घनमीटर. ते ११ चौरस किलोमीटरवर पसरले, तर खोली सुमारे १.४ मीटर भरते, माणसाच्या छातीएवढी. बाष्पीभवन दिवसाला सरासरी ६ मिलिमीटर धरले, तरी आठ महिन्यांत १.४ मीटर पाणी हवेत जाते. म्हणजे पावसाळ्यात भरलेले तळे उन्हाळ्यात जवळजवळ रिकामे व्हायचे, हा हिशेब निसर्गानेच मांडलेला आहे. या तळ्यात पुढच्या वर्षासाठी काही शिल्लक राहत नाही. आणि ६.५ कोटी पिल्ले १.५५ कोटी घनमीटरमध्ये, म्हणजे दर घनमीटरमागे सुमारे चार. भरतपूरच्या पक्षिवैभवामागचा अंक एवढा लहान आणि एवढा नाजूक आहे.

हा हिशेब एका वर्षी मोडला. गंभीर नदीच्या वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण उभे राहिले. पाच प्रवाहांच्या संगमावरचे म्हणून पांचना. विशेष म्हणजे तेही मातीचेच धरण आहे, आणि राजस्थानातील सर्वांत मोठ्या माती-धरणांपैकी एक. अठराव्या शतकातील मातीच्या बांधाचे पाणी विसाव्या शतकातील मातीच्या धरणाने अडवले. २००४ मध्ये करौलीच्या शेतकऱ्यांनी पाणी खाली सोडण्यास विरोध केला आणि सरकारने ते मान्य केले. उद्यानाला मिळणारे पाणी ५४ कोटी घनफुटांवरून १.८ कोटी घनफुटांवर आले. खण कोरडे पडले. कोरड्या तळात वेड्या बाभळीने मुसंडी मारली. वारसा स्थळांच्या यादीतून केवलादेवचे नाव जाते की काय, अशी चर्चा सुरू झाली.

करौलीच्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आपल्या उशाला धरण आणि आपले शेत कोरडे, पाणी मात्र पाहुण्या पक्ष्यांना, हे त्याने का मानावे? १९८२ मध्ये भिंतीलगतच्या गावांना जे विचारले गेले नाही, तेच २००४ मध्ये नदीच्या वरच्या गावांनाही नीट विचारले गेले नव्हते.

मग पर्याय शोधण्यात आले. यमुनेच्या पुराचे पाणी गोवर्धन नाल्यातून जलवाहिनीने उद्यानात आणण्याची योजना २०१२ च्या सुमारास पूर्ण झाली. चंबळचे पाणीही काही प्रमाणात देण्यात येऊ लागले. या योजनांनी उद्यान तगवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. वेडी बाभूळ काढण्याच्या कामात तर गावकऱ्यांना सहभागी करून लाकूड त्यांनाच देण्यात आले; १९८२ नंतरचे ते एक शहाणपणाचे पाऊल होते. तरीही एक गोष्ट उरते. जलवाहिनीतून घनफूट येतात. पूर येत नाही. पंपातून आलेल्या पाण्यात गंभीरच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वाहत येणारी ३७ जातींची पिल्ले, बिया, किड्यांच्या अळ्या त्याच प्रमाणात आणि त्याच वेळी कशा येणार? त्यातच आफ्रिकन मांगूर हा परका, अतिभुका मासा तळ्यात शिरला. तो देशी मासे फस्त करतो, पक्ष्यांवरही हल्ला करतो आणि चिखलात तग धरून राहतो. उद्यानाला तो पकडून पकडून बाहेर काढावा लागत आहे. नदीची चाळणी गेली, की पाहुणे निवडता येत नाहीत.

सायबेरियन क्रौंचांची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, पण सावधपणे. १९६० च्या दशकाच्या मध्यास सुमारे २०० क्रौंच भरतपूरला येत. शेवटची जोडी २००२ मध्ये दिसली. त्यांच्या जाण्याचे खापर एकट्या भरतपूरवर फोडता येणार नाही. हजारो किलोमीटरच्या वाटेवर, विशेषतः अफगाणिस्तान-पाकिस्तान भागात, त्यांची शिकार होत राहिली. उद्यानाच्या भिंतीने त्यांचे तेथे रक्षण करता येणे शक्यच नव्हते.

आणि मला वाटते, सारा इतिहास याच एका मुद्द्यावर येऊन ठेपतो. केवलादेवला दोन बंधने आहेत. एक दगडी भिंत, जी माणसे आणि गुरे बाहेर ठेवण्यासाठी घातली गेली. दुसरा मातीचा बांध, जो पाणी अडवण्यासाठी आणि मग सोडण्यासाठी घातला गेला. आपण चाळीस वर्षे भिंतीची काळजी घेतली. उद्यान जगत मात्र होते ते बांधावर, बांधामागच्या नदीवर आणि नदीकाठच्या लोकांच्या संमतीवर. क्रौंच, म्हशी आणि मासे या तिघांनीही आपल्याला तेच सांगितले. फरक इतकाच, की म्हशींचे आणि माशांचे म्हणणे कोणीतरी दहा वर्षे बसून मोजले, म्हणून ते ऐकू आले.

विद्यार्थी मित्रांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावाजवळ पाझर तलाव असेल, माजी मालगुजारी तलाव असेल, नाहीतर नुसता गावतळ्याचा बांध असेल. येत्या पावसाळ्यात पहिले पाणी त्यात कोणत्या तारखेला शिरते, कोठून शिरते, त्याबरोबर कोणते मासे येतात आणि आठ दिवसांनी काठावर कोणते पक्षी उतरतात, एवढेच टिपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा टिपा. एका वहीला आणि एका काठीवरच्या खुणांना खर्च येत नाही. उद्या त्या पाण्याविषयी कोणी मोठा निर्णय घ्यायला आले, तर त्याआधीची मोजणी कोणाकडे तरी असली पाहिजे. भरतपूरला १९८२ मध्ये ती जवळजवळ नव्हतीच.

अतिवृष्टीच्या वर्षी पांचनाचे दरवाजे उघडावेच लागतात आणि गंभीरचे पाणी पुन्हा जुन्या वाटेने खाली उतरते. त्या पाण्यात किती पिल्ले असतील, हे प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही. त्यासाठी मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी धरून कोणीतरी उभे राहावे लागते.